सासूबाईंची मिरची आणि मी

मी एक जुनी जाळी आहे. आता जेमतेम एका कुंडीपुरती उरले आहे. पण मित्रांनो, एके काळी मी अख्खी रोपवाटिका पोटाशी धरून उभी होते.

यंत्राने मला पांढऱ्या नायलॉनच्या धाग्यातून इतके घट्ट विणले होते, की सुईचे टोकही अडखळावे. कारण माझे वैर होते पांढऱ्या माशीशी. जीव केवढासा, तर फुंकर मारली की उडून जाईल एवढा! पण आजारी झाडाचा रस प्यायली की त्यातला विषाणू तिच्याबरोबर निघतो, आणि मग ती ज्या निरोगी पानावर जेवायला बसते त्यालाच तो देऊन जाते. पाने आकसतात, वाढ खुंटते. या चुरडामुरड्यावर औषध नाही.

माझी मालकीण, रोपवाली, फार काटेकोर. रोज सकाळी माझ्यावरून हात फिरवायची. कुठे उसवलेले दिसले की सुईदोरा घेऊन तिथेच बसायची. "ही आहे म्हणून मला झोप लागते," असे ती गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मी वाऱ्याशिवायच फुगायचे.

तिचे सासरे मात्र हळवे. सासूबाईंनी लावलेले मिरचीचे झाड अंगणातल्या कुंडीत होते. त्या गेल्यापासून मामंजींचे सुखदुःखाचे बोलणे त्या झाडाशीच. एका उन्हाळ्यात त्याची पाने वाटीसारखी वळली. बाहेर ऊन बाधत असेल, सावलीत सुधारेल, असे वाटून सुनेची पाठ वळताच मामंजींनी कुंडी उचलली आणि माझ्या दारातून सरळ आत आणली. पानांखाली माश्या आरामात बसल्या होत्या. भोकातून येणाऱ्याला मी अडवते. मायेच्या कडेवर बसून दारातून येणाऱ्याला कशी अडवू?

काही दिवसांनी ट्रेमधली मिरचीची रोपे आकसू लागली. रोपवालीने एक पान उलटून पाहिले, मग कोपऱ्यातली कुंडी पाहिली, आणि तिला सगळे उमगले. त्या रोपांवरच तिचे घर चालत होते.

"मामंजी, हे झाड काढावं लागेल हो."

"अगं, तिच्या हातचं आहे ते!"

"ठाऊक आहे मला. पण हे राहिलं तर उरलेली रोपंही हातची जातील."

मामंजी कुंडीजवळ गेले. मग माश्या उडू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच झाडावर पिशवी घातली, तोंड आवळले आणि ते मुळासकट उपटले. मला फार वाईट वाटले. रोपवालीने आजारी रोपेही तशीच काढली. निम्मी वाचली.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातली बरणी उघडली. तिच्यात त्याच झाडाच्या, ते ठणठणीत असतानाच्या, वाळक्या मिरच्या होत्या. बिया काढून तिने मामंजींपुढे ठेवल्या.

"तुम्हीच पेरा. सासूबाई मला कुठे हात लावू द्यायच्या?"

मामंजी हसले. फार दिवसांनी हसले.

पुढे उन्हाने माझे धागे विरले आणि नवी जाळी आली. रोपवालीने मला फेकले नाही. माझा धड तुकडा कापून तिने पिशवी शिवली. आता मी मामंजींच्या खिडकीत, एका हिरव्यागार मिरचीला कवटाळून असते. रोज सकाळी खिडकी लावून मामंजी मला अलगद वर करतात, चष्मा चढवतात, एकेक पान उलटून पाहतात आणि विचारतात, "बरी आहेस ना गं?"

मित्रांनो, तुम्हीही झाडांवर भरभरून माया करा. फक्त कडेवर घेण्याआधी त्यांचे पान एकदा उलटून बघा.