जाईची साक्ष

जाईने ड्रायरमधले गरम कपडे सोफ्यावर ओतले आणि घड्या घालता घालता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“ईस्टरच्या उपासनेत दुसरं गाणं चालू होतं, तेव्हा अचानक माझ्या मनात एक ऊब…”

इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य पुन्हा तिथेच अडकलं. उबेच्या पुढे काय, ते तिला आठवेना. तिने नीलचं झबलं झटकलं, घडी घातली, मोडली, परत घातली. सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं. अर्धा कप चहा मायक्रोवेव्हमध्ये राहिलेला, भाजी चिरायला घेऊन तशीच टाकलेली.

उद्या रविवार. कॅनडातल्या केंब्रिजमधल्या त्यांच्या चर्चमध्ये उद्या ती बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरणार होती. उतरण्याआधी प्रत्येकाने मंडळीसमोर तीन मिनिटं साक्ष द्यायची. बायकांचा गट चालवणाऱ्या लोरेनने सगळ्यांना कुकीज वाटत ते समजावून सांगितलं होतं. आधी तुम्ही कशा होता, कोणत्या दिवशी तुमचा नवा जन्म झाला आणि त्यानंतर देवाच्या आज्ञेत कशा चालता. बस, एवढंच.

गटातल्या प्रत्येकीकडे असा एक दिवस होता. एकीची दारू एका पार्किंग लॉटमध्ये कायमची सुटली होती. एकीला हॉस्पिटलच्या खाटेवर कुणीतरी नावाने हाक मारली होती. वाढदिवस सांगावा तशी त्या तारीख सांगत. जाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली होती, “आम्ही जालन्याचे. आजोबांपासून ख्रिस्ती. मी तर जन्मापासूनच.”

“स्वीटहार्ट,” लोरेन तिच्या हातावर हात ठेवून हसली होती, “जन्मापासून कुणीच नसतं.”

ती मायेनेच बोलली होती, म्हणून तर ते कुसळासारखं रुतून बसलं होतं. शेवटी जाईने एक दिवस बनवला. ईस्टरचा.

बेडरूमचं दार उघडलं. रात्रपाळी करून आलेला मिलिंद आत्ता कुठे उठला होता. गाडीच्या कारखान्यातल्या ड्यूटीचा हा आठवडा आज संपला होता. गालावर उशीची वळी, खांद्यावर सहा महिन्यांचा नील.

“दुसरं गाणं?” तो जांभई देत म्हणाला. “तेव्हा तू वॉशरूममध्ये होतीस की! ह्या साहेबांनी मानेपर्यंत रंगकाम केलं होतं. मी वाइप्स घेऊन दाराशी उभा.”

“तुला बरं आठवतं.”

“डायपर खातं माझ्याकडे आहे बाई. सगळा हिशेब असतो.” त्याने नीलच्या पोटात तोंड घुसळलं. “तिसरं गाणं म्हण. कोण तपासायला येतंय?”

जाई हसली नाही. तिने हातातला टॉवेल एवढा घट्ट गुंडाळला की मिलिंद क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग चहा गरम करायला वळला.

संध्याकाळी आईचा व्हॉट्सअॅप कॉल आला. पडद्यावर नेहमीसारखं तिचं अर्धं कपाळ आणि फिरता पंखा.

“तुझा बाप्तिस्मा झालाय गं, वर्षाचीसुद्धा नव्हतीस. पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी घातलं तर केवढी रडलीस! आता परत कशाला?”

“इथल्या मंडळीत पूर्ण पाण्यात उतरावं लागतं, आई. मोठेपणी, स्वतःहून.”

“म्हणजे आमचं ते खोटं?”

“तसं नाही गं.”

“पप्पा असते तर…” आईने वाक्य सोडून दिलं. “बरं, केस नीट पूस नंतर. बाळाला सर्दी देशील.”

फोन ठेवल्यावरही पप्पा खोलीतच राहिले. दिवेलागणीला ते सतरंजी अंथरत आणि हाक मारत. लहानगी जाई पाय आपटत म्हणायची, माझं मन नाही लागत प्रार्थनेत. ते डोळे न उघडताच म्हणायचे, “मन येईल मागून. तू येऊन बस.”

खरं तर तिच्याकडेही एक दिवस होता. पण तो सांगण्यासारखा नव्हता.

फेब्रुवारी. नील तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा, पहाटेपासून रडून रडून निळा झालेला. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आत यावं तर मागे तो परत भरलेला. मिलिंद रात्रपाळीवरून येऊन ढाराढूर झोपलेला. दुपारी नील दमून जरा शांत झाला, तेव्हा तिने त्याला मिलिंदच्या शेजारच्या पाळण्यात ठेवलं, पर्समध्ये पासपोर्ट टाकला आणि गाडी काढली. हायवेला लागली. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या. ती रडत नव्हती, प्रार्थनाही करत नव्हती. फक्त आवाज थांबला होता आणि तो परत ऐकायचा नव्हता.

ग्वेल्फचा फाटा जवळ आला तसा तिला पान्हा फुटला. शेजारी कुणी रडत नसताना, ध्यानीमनी नसताना. स्वेटर भिजला, आतून जाकीट भिजलं. तिला स्वतःच्या शरीराचा भयंकर राग आला. मन तर अजून पुढेच धावत होतं. हातांनी मात्र इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. कुठे उजेड पडला नाही. कुणी हाक मारली नाही.

वाटेत तिने फार्मसीतून डायपरचं पाकीट घेतलं. हातात काहीतरी हवं होतं म्हणून.

मिलिंद नीलला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. “कुठे होतीस?”

“डायपर संपले होते.”

“बरं,” म्हणून त्याने तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीवरून आल्यावर तो पुन्हा तसाच झोपला, घोरत.

त्याच घोरण्याची आता तिला भीती वाटत होती. बायकोच्या भरवशावर लेकराला सोडून तो एवढा गाढ झोपतो. हे कळल्यावर तो पुन्हा तसा झोपेल?

रविवारी चर्चच्या दारावर कॅनडाच्या दीडशे वर्षांचे लाल-पांढरे झेंडे फडफडत होते. स्टेजच्या मागे टाकी होती, तिला पायऱ्या होत्या. जाई निळा झगा घालून वरच्या पायरीवर उभी राहिली. लोरेनने तिच्या हातात माइक दिला आणि डोळ्यांनीच धीर दिला.

“ईस्टरच्या उपासनेत…” जाईने सुरुवात केली.

मागच्या रांगेत नील रडायला लागला. मिलिंद उठला आणि भिंतीकडे तोंड करून त्याला झुलवू लागला. जाईची छाती ताठरली. पाण्यात पाऊल पडण्याआधीच झगा भिजायला लागला.

ती थांबली. माइक दुसऱ्या हातात घेतला.

“ईस्टर नाही,” ती म्हणाली. “फेब्रुवारी. मी घर सोडून निघाले होते. बाळाला, नवऱ्याला सोडून. परत यायचं माझ्या मनात नव्हतं.” तिचं इंग्रजी आता अडखळत नव्हतं. “मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तरी मी गाडी वळवली. घरी आले आणि नवऱ्याशी खोटं बोलले, की डायपर आणायला गेले होते. माझं मन पूर्ण आलंय का, मला अजून माहीत नाही. पण मी आले आहे.”

भिंतीकडे तोंड केलेल्या मिलिंदची पाठ झुलायची थांबली.

कुणी टाळी वाजवली नाही. लोरेनने चष्मा काढला आणि बराच वेळ परत लावला नाही. मग पास्टरांनी हात पुढे केला, आणि पाणी जाईच्या कानांवरून, डोळ्यांवरून मिटलं.

नंतर मागच्या कॉरिडॉरमध्ये ती घडीच्या खुर्चीवर बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. मिलिंद आला. त्याने नीलला तिच्या मांडीवर दिलं, टॉवेल उघडून तिच्या डोक्यावर टाकला. नील लगेच दुधाला लागला. मिलिंद गुडघ्यांवर बसून फरशीवरचं पाणी कागदाने टिपत राहिला. फरशी कोरडी झाली तरी टिपत राहिला.

“काहीतरी बोल ना रे.”

“त्या दिवशी घरात तीन पाकिटं होती,” तो खाली बघतच म्हणाला.

टॉवेलने केस पुसणारा जाईचा हात थबकला.

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर अजून एक खोटं बोलावं लागलं असतं तुला.”

त्याने ओल्या कागदाचा बोळा केला आणि उठून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नीलचा एक मोजा निघाला होता, तो वाकून नीट चढवला.

“उद्यापासून परत नाइट आहे,” तो म्हणाला. “परवा सकाळी आलो की झोपेन. दोनच्या आत उठवू नकोस.”