झांबिलाची कढई शाळेत जाते

जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणाल तर याद राखा! मित्रांनो, मी तांब्याची कढई. रोमानियातल्या आमच्या रोमा जमातीतल्या तांबटांच्या वस्तीत माझ्याइतकी ठसक्यात बसणारी दुसरी एकच, माझी मालकीण झांबिला. तिच्या नवऱ्याने मला ठोकून ठोकून घडवलं. लग्न असो, बारसं असो, चुलीवर मी. लोक बोटं चाटायचे आणि कौतुक करायचे झांबिलाचं! मला मात्र उपडी घालून वर कोंबडी बसवायचे.

आमच्यात अन्नाच्या भांड्यात कपडा बुडवत नाहीत. बुडाला तर भांडं बाटलं, फेकून द्यायचं.

झांबिलाची नात लुलुदी शाळेच्या चाचणीला गेली. बाईंनी घंगाळाचं चित्र दाखवलं.

"यात काय धुतात?"

"ताटल्या."

"आणि कपडे?"

"शी!"

झालं! पोर मंदबुद्धी ठरली. तिची रवानगी रुळांपलीकडच्या शाळेत. तिथे आमची पोरं मोठी होईस्तोवर मणी ओवतात, पण वाचायला कुणी शिकवत नाही. लुलुदी जेवेना.

झांबिलाने मला डोक्यावर घेतलं, आलुबुखारांची टोपली काखेत मारली आणि चाचणी घेणाऱ्या मोठ्या शाळेच्या फाटकातच चूल मांडली. माझ्यात पाणी उकळू लागलं. पोरं खिडक्यांना लटकली. मुख्याध्यापक धावत आले.

"आजी, हे काय चाललंय?"

"मुरंबा करतेय. मोजे काढा, मास्तर. आधी ते यात धुते, मग यातच मुरंबा."

मी तर बाटलेच म्हणायचं! मास्तर दोन पावलं मागे सरले.

"मोजे? मुरंब्याच्या भांड्यात? शी!"

"अगं बाई, तुम्हीही नापास! चला, रुळांपलीकडे मणी ओवायला!"

खिडक्या खदखदल्या. मास्तर लालेलाल झाले. "अहो, पण चाचणी म्हणजे चाचणी."

"मग परत घ्या. इथेच, माझ्यासमोर."

घ्यावीच लागली. लुलुदीने धडाधड उत्तरं दिली. घंगाळाचं चित्र आलं तशी म्हणाली, "बाई, हे कुणाच्या घरचं ते आधी सांगा."

बाई हसल्या. पोर पहिल्या बाकावर बसली.

मित्रांनो, मला मीठ-व्हिनेगरने घासत जा, माझा पोचा वेळेवर काढत जा. आणि दुसऱ्याच्या घरची रीत ठाऊक नसेल तर त्याला मठ्ठ ठरवू नका, विचारा. तोंड दिलंय ना देवाने?

आता लुलुदी चुलीपाशी बसून मोठ्याने वाचते. झांबिला ऐकता ऐकता ढवळायचंच विसरते. बूड माझं करपतं. पण तेवढ्यापुरती मी गप्प बसते.