न झिजलेला घोडा

आनंदराव खोब्रागड्यांनी नाणं कडेनं धरलं, खिडकीच्या उजेडात जरा तिरकं केलं, भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि बराच वेळ ते फिरवून फिरवून पाहत राहिले. समोर शालिकराम कापगते मांडीवर हात ठेवून बसले होते, लग्नाच्या बोलणीत मुलीचा बाप बसतो तसे.

"बोल ना बे," शेवटी शालिकराम म्हणाले.

"अक्षरं चांगली आहेत. 'नोव्हा सिझेरिया' पूर्ण वाचता येते. पण मधात गेलं, शालिक. घोडा पार घासला आहे."

"घासला?"

"डोळा नाही, आयाळ नाही. नुसता डाग उरला. 'गुड'च्या वर जात नाही हे."

या छंदात 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे. गुड म्हणजे झिजून झिजून जेमतेम ओळख उरलेलं नाणं. त्याच्या वर 'फाइन', त्याच्या वर 'व्हेरी फाइन', आणि ती चढण पुढे बरीच लांब जाते. शालिकरामांना 'व्हेरी फाइन' ऐकायचं होतं.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये हा छंद आणला आनंदरावांच्या मुलानं. अतुल नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला आणि पहिल्या सुट्टीत बापासाठी एक काळपट तांब्याचं नाणं घेऊन आला. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हा तिथली राज्यं आपापली तांब्याची नाणी पाडत, त्यातलं ते न्यू जर्सीचं. वर घोड्याचं डोकं, खाली नांगर, कडेनं 'नोव्हा सिझेरिया', म्हणजे न्यू जर्सीचं लॅटिन नाव. "घोड्याच्या खाली नांगर? बैल नोयते का त्यायच्याकडे?" असं म्हणून आनंदराव हसले होते, पण ते नाणं त्यांनी महिनाभर खिशात वागवलं. मग पुस्तकं आली, भिंग आलं, आणि पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधले जुने सोबती शालिकरामही त्या नादाला लागले.

ग्रेड मात्र आनंदरावांनीच द्यायची, हे न ठरवता ठरलेलं. कारण त्यांचा डोळा. नोकरीभर त्यांनी रेल मिलमध्ये तयार रूळ तपासले. रुळाच्या टोकाशी वाकायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्याची नजर रुळावरून सरळ पुढे सोडायची. केसाएवढा बाक असला तरी ते सांगायचे, आणि मग मोजपट्टी लावली की तेवढाच निघायचा. खोब्रागडेसाहेबांनी पाहिलं म्हणजे झालं, असं नवे लोक म्हणत.

आज दोघांच्या नाण्यांची अदलाबदल ठरली होती. शालिकरामांचा घोडा आनंदरावांकडे आणि आनंदरावांचं व्हरमाँटचं नाणं, डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याचं, शालिकरामांकडे. घोडा 'व्हेरी फाइन' निघाला तर बरोबरीत. खाली गेला तर शालिकरामांनी वरून आपलं कनेक्टिकटचं नाणंही द्यायचं. तसा शब्द झाला होता.

शालिकरामांनी नाणं परत घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"आनंदा, मले नाकपुडी दिसून राहिली. कान दिसून राहिला. आयाळीच्या बटा मोजून देऊ का तुले?"

"तुले हौसेनं दिसते ते. मी तांबं पाहून राहिलो."

शालिकरामांच्या पत्नी सिंधुताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी ओळखला.

"खरं सांग," शालिकराम हळू आवाजात म्हणाले, "माहं कनेक्टिकट पाहिजे होतं तर मांगून घ्याचं होतं. घोडा कावून घासला?"

आनंदरावांच्या कानशिलात रक्त चढलं. "मी लबाड आहे का बे?"

"मी नाही म्हटलं. तू म्हटलं."

"भाऊजी, चहा तरी..." सिंधुताई म्हणाल्या. पण आनंदराव चपला घालून बाहेर पडले होते.

मुलगी संघमित्रा नागपूरहून यायची होती, म्हणून ते तसेच स्कूटरवर पावर हाउस स्टेशनला गेले. मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं. रस्ताभर ते मनातल्या मनात शालिकरामांशी भांडत राहिले. इतक्या वर्षांचा सोबती, कधी पाच पैशाचा हिशेब मागितला नाही, आणि आज एका तांब्याच्या तुकड्यापायी चोर ठरवलं.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला सावली होती. गाडीला वेळ होता. आनंदराव नेहमीसारखे कडेला जाऊन उभे राहिले आणि सवयीनं जरा वाकून, डावा डोळा मिटून, त्यांनी रुळावरून नजर सोडली.

रूळ वाकडा होता.

थोडाथोडका नव्हे. दूरवर जिथे दोन्ही रूळ एकत्र आल्यासारखे दिसतात, तिथे उजवा रूळ आत दुमडल्यासारखा झाला होता. उन्हानं तापलेल्या रुळाला पसरायला जागा मिळाली नाही की तो असाच वाकतो. त्यावरून वेगात गाडी आली तर काय होतं, हे त्यांना कुणी समजवायला नको होतं. आणि याच लाइनवर, वर भोंग्यातून बाई सांगत होती, नागपूरकडून येणारी गाडी थोड्याच वेळात येत होती.

नारिंगी जॅकेट घातलेला एक रेल्वेचा माणूस नळावर तोंड धूत होता. आनंदरावांनी त्याचा दंडच धरला.

"पटरी टेढ़ी है! वो देखो! गाड़ी रुकवाओ!"

त्यानं हाताची सावली करून पाहिलं. "कहाँ बाबूजी? सीधी तो है।"

"अरे, मैं रेल मिल का आदमी हूँ! पूरी नौकरी इंस्पेक्शन में की है। टेढ़ी है बोल रहा हूँ ना!"

ते ऐकून मात्र तो माणूस गंभीर झाला. त्यानं दुसऱ्या एकाला हाक मारली, स्वतः खाली उतरला, रुळालगत भराभर चालत गेला. खाली बसून त्यानं रुळावरून नजर टाकली, रुळाच्या कडेनं हात फिरवला. मग लांबूनच हात हलवला, काही नाही. आनंदराव ओरडले, "और आगे! आगे!" तो आणखी पुढे गेला, पुन्हा वाकला, पुन्हा हात हलवला. लोक जमायला लागले होते. तेवढ्यात वळणावर इंजिनाचा दिवा दिसला आणि तो माणूस धावत येऊन वर चढला.

"हाथ लगाके देखा बाबूजी। एकदम सीधी है।"

आनंदरावांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि गाडीच्या दिशेनं जोरजोरात हलवायला लागले. कुणीतरी मागून त्यांचा सदरा धरून त्यांना कडेपासून ओढलं. संघमित्रा त्या गाडीत होती. डावा डोळा अजून मिटलेलाच होता, ते त्या वाकावरून नजर काढू शकत नव्हते, आणि इंजिन त्या वाकावर आलं.

आणि वाक सरकला.

इंजिनाबरोबर नजर सरकली तसा वाकही सरकला. डब्याच्या खिडक्यांची रांग मधे खचली, पुढच्या डब्याची खचली, त्याच्याही पुढची. आनंदरावांनी समोरच्या खांबाकडे पाहिलं. खांब मधोमध वाकला आणि वाकल्या जागी धूसर झाला. त्यांनी उजवा डोळा मिटून डावा उघडला. खांब सरळ. गाडी सरळ. धडधडत, सुखरूप, गाडी येऊन थांबली.

"धूप लग गई चाचा को," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसत पांगले.

संघमित्रा उतरली तेव्हा बाप बाकावर बसला होता, एका हातानं एक डोळा झाकून. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. डोकं दुखून राहिलं." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "स्कूटर तू चालव."

तिनं किल्ली घेतली, पण जागची हलली नाही. बाबांनी आपली स्कूटर आजवर कुणाला चालवू दिली नव्हती.

घरी ललिताबाई वाटच पाहत होत्या. मुलीला पाणी देऊन झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "सिंधुताईचा फोन आल्ता. रडत होत्या. तुम्ही त्यायच्या नाण्याचं काही खोटं सांगतलं म्हणे?"

आनंदराव आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत ते खिडकीशी बसून होते. व्हरमाँटचं नाणं त्यांनी आधी डाव्या डोळ्यानं पाहिलं. सूर्य, डोंगर, नांगर, सगळं जागेवर. मग उजव्यानं पाहिलं. कडेची अक्षरं तेवढी होती आणि मधे ओल्या बोटानं पुसल्यासारखं. शालिकरामांचा घोडा झिजलेला नव्हताच.

कधीपासून असं होतं, ते त्यांना आठवेना. गेल्या काही महिन्यांत वाचताना ओळी हलल्यासारख्या वाटायच्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. दिवाळीत दुर्गच्या कृष्णराव वासनिकांनी एक नाणं दाखवायला आणलं होतं. यांनी त्यालाही 'मधात गेलं' म्हटलं, आणि कृष्णरावांनी ते कुणाला तरी देऊन टाकलं. म्हणजे तेही चुकलं असणार.

शालिकला काय सांगायचं? गप्प राहिलं तर लबाड ठरतो. बोललं तर आंधळा. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना लबाडीच सोपी वाटली. लबाड माणसाशी लोक भांडतात, दोन वर्षांनी पुन्हा बोलतात. पण खोब्रागड्याचा डोळा गेला म्हटलं की मागे काय उरतं?

दार ढकलून संघमित्रा आत आली. "बाबा, स्टेशनवर त्या नारिंगी जॅकेटवाल्यानं मला सांगितलं सगळं." ती त्यांच्यासमोर बसली. "तुम्हाला दिसत नाही का?"

"कोन म्हणते दिसत नाही?" ते खेकसले. ती उठली नाही. मागे ललिताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. आनंदरावांनी हातातलं नाणं खिडकीत ठेवलं. "एका डोळ्यानं मधातलं नाही दिसत."

ललिताबाई मटकन खाटेवर बसल्या. संघमित्रानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळी सगळ्यात आधी या, उशीर करू नका, असं तिकडून सांगितलं गेलं. "येतो," आनंदराव म्हणाले, "पण आधी शालिककडे."

सकाळी शालिकरामांनी दार उघडलं, पण 'ये' म्हटलं नाही. आनंदरावांच्या मागे संघमित्रा स्कूटर धरून उभी होती.

"नाणं दाखव," आनंदराव म्हणाले.

"कावून? अजून खाली आणाचं आहे का?"

"दाखव तर."

शालिकरामांनी आतून नाणं आणलं आणि पुढे केलं. आनंदरावांनी सवयीनं भिंग उजव्या डोळ्याकडे नेलं, थांबले, आणि डाव्या डोळ्याला लावलं. घोडा त्यांच्याकडेच आला जणू. टवकारलेला कान, नाकपुडी, मानेवर उतरलेल्या आयाळीच्या बटा. गालाच्या उंचवट्यावर तेवढी थोडी झीज. तांब्याचा रंग एकसारखा, चॉकलेटसारखा.

"व्हेरी फाइन," ते म्हणाले. "अन् त्याच्यातही वरचं."

शालिकराम कडवट हसले. "काल गुड, आज व्हेरी फाइन. रातभरात आयाळ उगवली का?"

"आयाळ होतीच. मले दिसली नाही." त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्या डोळ्यानं मित्राकडे पाहिलं. "इकडून पाहिलं तर तुहं तोंड नाही दिसत, शालिक. दोन कान दिसतात. मधात काही नाही."

शालिकरामांनी संघमित्राकडे पाहिलं, तिनं मान हलवली. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"अन् परवा तू सिंधुले मांगं बसवून स्कूटरवर बाजारात नेलं!" ते ओरडले. "आंधळ्या! मारून टाकलं असतं माह्या बायकोले!"

"दुसऱ्या डोळ्यानं दिसते ना..."

"गप! एक शब्द नको बोलू!" त्यांनी आतून चपला ओढल्या, बनियनवर सदरा चढवला, बटणं चुकीची लावली. "सिंधू, मी आनंदाले घेऊन दवाखान्यात चाललो! पोरी, तू घरी जा, आईपाशी बस. ह्याले मी पाहतो."

"काका, मी पण येते," संघमित्रा म्हणाली, आणि शेवटी तिघंही ऑटोनं गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडद्याचे फोटो काढले आणि सरळ सांगितलं. पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, पाणी साचलंय. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आज पहिलं, मग महिन्या-महिन्याला. गेलं ते सगळं परत येईल असं नाही. राहिलंय ते वाचवू.

"सुई डोळ्यात?" शालिकरामांनीच विचारलं.

टेबलावर आडवं झाल्यावर आनंदरावांच्या चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, पापण्यांना चिमटा लागला, थेंब पडले. "वर बघा, हलू नका," बाई म्हणाल्या. मग दाब आला, जड, खोल, आणि नजरेत काळे बुडबुडे पोहायला लागले.

बाहेर शालिकराम दाराला चिकटूनच उभे होते. "दुखलं का?"

"नाही."

"खोटं नको बोलू आता."

"दुखलं बे," आनंदराव म्हणाले आणि त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात टाकला.

चार महिन्यांत वाकलेल्या ओळी बऱ्याचशा सरळ झाल्या. मधला डाग फिका झाला, पण गेला नाही. घोडा आणि सूर्य बरोबरीत इकडचे तिकडे झाले. आता ग्रेड दोघं मिळून देतात आणि जुळली नाही तर तासभर भांडतात. कृष्णरावांना मात्र आनंदरावांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तुमचं नाणं मी चुकीचं ठरवलं, ते बहुतेक चांगलं होतं, असं म्हणाले. मग कृष्णराव म्हणाले, "डोळ्याची काळजी घ्या," आणि फोन ठेवला. त्यानंतर ते आजवर आलेले नाहीत. आनंदराव दर रविवारी त्यांना फोन लावतात.