टेकाडावरची खिडकी

आसपासचे लोक तिला टाकेवाली म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. घराची पुढची खोली तिने कधीच गोधड्यांच्या हवाली केली होती. खिडकीशी मशीन, मधोमध इस्त्रीचं टेबल, भिंतीवर ठोकलेली एक जुनी लोकरी चादर. तिच्यावर कापडाचे तुकडे नुसते दाबले की चिकटून राहत आणि शिवायच्या आधी नक्षी बघता येई. फळीवर चपलांची रिकामी खोकी: एकात तांबडे तुकडे, एकात हिरवे, एकात निळे. पाहुण्याने बसायचं कुठे, हा प्रश्न त्या घरात विचारायची सोय नव्हती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस लाखात एक, पण तांबडं आणि हिरवं त्याला सारखंच दिसे. जन्मापासूनची भानगड. लग्न झाल्यावर त्याने मोठ्या हौसेने तिला लाल शाल आणली ती शेवाळी निघाली, तेव्हापासून रंगाच्या बाबतीत त्याचं मत कुणी धरत नसे. "तुम्ही आपली घड्याळं बघा," ती म्हणे. तो बिचारा बघे.

आतल्या खोलीत तिची आई अंथरुणाला खिळलेली. पाय गेलेच होते, आता नजरही विझत चाललेली. जी थोडी उरली आहे तीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. आईने कधी कुणाकडे काही मागितलं नाही. या वेळी मात्र मागितलं. म्हणाली, "टेकाडावरचं आपलं घर एकदा बघायचं होतं गं." ते घर पाडून कित्येक वर्षं झाली होती. आता ते कुठून आणायचं? म्हणून लेक गोधडीला बसली.

तिने जीव ओतला. हिरवंगार टेकाड, निळं आभाळ, विटकरी घर. बघणारा म्हणे, काय रंग आहेत. गोधडी आईच्या पायथ्याशी टांगली. आई बराच वेळ डोळे ताणून बघत राहिली आणि मग जपून, लेकीला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "छान आहे. चादर नवी आणलीस का?"

टाकेवाली पुढच्या खोलीत आली आणि दार लावून रडली. मग सगळी गोधडी उसवली.

पुन्हा मांडायला घेतली तर हात चालेना. तुकडे लावायचे, काढायचे, पुन्हा तेच. आईची नजर काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. अशात एके दुपारी ती दोरा आणायला बाहेर पडली, आणि नवऱ्याने बल्ब बदलायला फळीचा आधार घेतला. फळी त्याच्यासकट खाली. खोकी उपडी झाली आणि खोलीभर चिंध्याच चिंध्या.

ती परतली तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचा भाव. "सगळं जिथल्या तिथे लावलंय," तो म्हणाला. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. तांबड्यात हिरवं, हिरव्यात जांभळं, तपकिरीत निळं. वर्षानुवर्षांची मांडणी पार धुळीला मिळालेली.

"काय केलंत हे?"

"लावलं की. हे अंधारातले, हे त्याहून कमी, हे संध्याकाळचे, आणि हे पार उजेडातले." त्याने एकेका ढिगावर हात ठेवला. "का, चुकलं कुठे?"

तोंडापर्यंत आलेलं ती बोलणार, एवढ्यात रागाने तिचे डोळे बारीक झाले, आणि त्या अर्धवट मिटल्या पापण्यांतून रंग पुसट झाले. खाली नुसता उजेड आणि अंधार उरला, पायरीपायरीने चढत गेलेला. एक तुकडा जागा सोडून नव्हता. आईला आता जग असंच दिसत असणार. आणि आपल्या गोधडीतलं टेकाड, आभाळ, घर, तिन्ही सारख्याच उजेडाची होती. आईला त्यात चादरच दिसणार, दुसरं काय दिसणार?

इतकी वर्षं या माणसाला आपण आंधळा ठरवला, आणि जे आपल्याला एकदाही दिसलं नाही ते हा रोज बघत होता. तिला त्याची जरा भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

"उठू नका," ती म्हणाली. "मी मागेन तसे तुकडे द्या."

तो देत गेला, ती भिंतीवर लावत गेली. टेकाडात किरमिजी आला, बाटलीहिरवा आला, जांभळा आला. डोळे उघडे ठेवून बघितलं तर खिचडी. बारीक केले की टेकाड उभं. घराच्या खिडकीतल्या दिव्यासाठी तिचा हात सवयीने मोहरीच्या पिवळ्याकडे गेला.

"तो नको, मळकट आहे," तो म्हणाला. "हा घे. यांच्यात हाच सगळ्यात उजळ."

फिका गुलाबी. दिव्याला गुलाबी? तिने डोळे बारीक करून बघितलं, आणि लावला.

गोधडी शिवून झाली, टांगली. सकाळचं ऊन खोलीत आलेलं. आई बघत राहिली. आधी नुसतीच. मग तिचा हात पांघरुणावरून उचलला गेला आणि हवेत टेकाडाच्या चढावरून हळूहळू वर सरकत गेला, खिडकीपाशी येऊन थांबला.

"दिवा आहे," आई म्हणाली. आवाज पोरीसारखा झाला होता. "मी कामावरून येईपर्यंत माझे बाबा विझवायचे नाहीत. जागे आहेत बघ अजून."

टाकेवालीला हुंदका आवरेना. नवरा दाराशी उभा होता. तो पुढे वाकला आणि तिच्या कानाशी, जरा भीतभीतच कुजबुजला, "अगं, तो दिव्याचा तुकडा पिवळाच आहे ना?"

तिने एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा आईकडे.

"तुम्ही म्हणाल तो," ती म्हणाली, आणि त्याला बसायला पलंगावर जागा करून दिली.