उलव्याची टेकडी

गर्शोम पेणकरांची सगळी नोकरी भूजल खात्यात गेली. पनवेलभोवतीचा डोंगर न् डोंगर त्यांनी हातोडी घेऊन पालथा घातला होता. पंचाहत्तरीनंतर मात्र विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. इस्रायलला राहणाऱ्या लेकीचं, इलानाचं नावही एकदा आठवेना, तेव्हा त्यांची बायको हेप्झिबा स्वयंपाकघरात जाऊन रडली.

एका सकाळी ते गच्चीवरून घाबरेघुबरे खाली आले.

"हेप्झी, तिकडे प्रबळ, माथेरान दिसतात. कर्नाळ्याचा सुळकाही आहे. पण पश्चिमेला उलव्याची टेकडी होती ना? की तीही मीच मनात रचली?"

"अहो, विमानतळासाठी तोडली ती. तुम्हीच पेपरात वाचलं होतंत."

"तू माझी समजूत काढतेयस."

दुपारी त्यांनी ताटाला हात लावला नाही. हेप्झिबाने रिक्षा बोलावली.

विमानतळाच्या कुंपणापलीकडे नुसती सपाटी होती. गर्शोम बघत राहिले. सपाटी बघून टेकडी होती हे कसं पटणार? हेप्झिबाला स्वतःचाच राग आला. शेजारी चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिने त्यांनाच विचारलं, "इथे टेकडी होती का हो?"

"होती का म्हंजे? तिच्या पायथ्यालाच आमचं गाव व्हतं! करवंदांसाठी आमी रोज वर जायचो. आता टेकडी नाय, गावबी नाय."

गर्शोमनी त्या माणसाचा हात घट्ट धरला. "म्हणजे मला बरोबर आठवतंय."

"तुमाला बरोबर आठवतंय, बाबा. घरी चला, दाखवतो."

त्यांचं नाव दाजी. नव्या वसाहतीतलं त्यांचं घर जवळच होतं. तुळशीपाशी टेकडीवरून आणलेला एक काळा दगड ठेवला होता, त्याच्या खळगीत पांढरे स्फटिक. गर्शोमनी तो उचलून उजेडात धरला.

"लाव्हा थंड होताना आत बुडबुडे अडकले, त्याची ही पोकळी. मग लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि हे स्फटिक वाढले." एकही शब्द अडला नाही. किती महिन्यांनी ते असे बोलत होते!

"आमी तर साधा दगड समजत व्हतो," दाजींची बायको वेणू म्हणाली. "न्या तुमाला."

"नको. तुमच्या गावाचा आहे तो. कागद आहे का घरात?"

वेणूने नातीची वही आणून दिली. गर्शोमनी एका रेघेत टेकडी काढली, पुढे जराशी उतरती, मागे उभी. दाजी कागदावर वाकले.

"हितं आमची पाण्याची वीर. हितं आंबा. आन् हे आमचं दार."

दाजी बोट ठेवत गेले, गर्शोम काढत गेले. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. हेप्झिबाने दारातूनच त्याला हाताने थांबायला सांगितलं आणि वेणूने पुढे केलेला चहा घेतला.