मास्तरांनी मला निवडलं

मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटेल, कारण माझा धंदा ऐकण्याचा. तळहातावर मावेल एवढा मी, आवाज टिपणारा एक रेकॉर्डर. माझ्या तोंडाशी दोन छोटे माइक आहेत. दोन म्हाताऱ्या कानगोष्ट करायला वाकतात ना, तसे ते एकमेकांकडे वाकून बसलेले असतात. समोर जे वाजेल ते मी ठेवून घेतो. त्यात माझी हुशारी काही नाही, घडणच तशी आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यासमोर टाळी वाजवली, ती परत ऐकली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. मग बराच काळ अंधार. उजेड पाहिला तो एका दुकानातल्या काचेच्या कपाटात.

दुकान एका ताईंचं होतं. चष्मा कपाळावर आणि पेन्सिल केसांत खोचून त्या दिवसभर वायरींच्या गुंत्यात बसलेल्या असत. कपाटात माझ्या एका बाजूला पेनासारखा किरकोळ एक भाऊ होता, बैठकीतलं बोलणं टिपून घेणारा. दुसऱ्या बाजूला खांद्याला पट्टा लावून न्यायचा दांडगा गडी, त्याला बाहेरून चार-चार माइक जोडता येत. मी दोघांच्या मधला. गिऱ्हाईक यायचं, आम्हाला उलटंसुलटं करून बघायचं, आणि बहुतेक वेळा खिशातला फोन दाखवून म्हणायचं, "यातही होतंच की रेकॉर्डिंग." ताई हसून कपाट बंद करायच्या.

एके दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे शिंपी. गळ्यात टेप, शर्टाच्या खिशाला टोचलेल्या टाचण्या, बोटाला खडूची पूड. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण चांगलं पाहिजे. ताईंनी विचारलं, काय टिपायचंय, घरात की बाहेर, गाणं की भाषण. मास्तरांनी गळ्यातला टेप बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ."

हळूहळू सगळं बाहेर आलं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. उभा जन्म त्यातच गेला. आता छातीने दगा दिला होता. डॉक्टरांनी फुंकायला सक्त मनाई केली होती. तरी येत्या रविवारी बागेत बँडचा कार्यक्रम होता आणि तेवढा एक वाजवणारच असं दादाने ठरवलं होतं. त्यानंतर क्लॅरिनेटची पेटी बंद.

पण मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. मागच्या वर्षी कोणीतरी दादाचं वादन फोनवर घेतलं आणि कौतुकाने त्यालाच ऐकवलं. डब्यात डास कोंडावा तसा तो आवाज. सगळे हसले. दादाही हसला. घरी जाताना मात्र त्याने मास्तरांना विचारलं की मी असा वाजवतो काय रे. मास्तर म्हणाले, छे, फोन भिकार होता. पण ते काही दादाच्या डोक्यातून गेलं नाही. वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर आतून ऐकू येतो, हाडांतून, दातांतून. बाहेर तो कसा जातो हे त्याला कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. आणि दादाला तो एकदाच दाखवला गेला होता, डासासारखा.

"त्याला एकदा खरा आवाज ऐकवायचाय," मास्तर म्हणाले. "डोळे मिटायच्या आधी."

ताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आम्हा तिघांना टेबलावर मांडलं. पेनभावाला मास्तरांनी उचललं आणि लगेच ठेवलं. हा म्हणे बिनअस्तराचा दिसतो. दांडग्याला दोन्ही हातांनी तोललं. ताईंनी सांगितलं, हा उत्तम, पण याच्यापाशी जाणकार माणूस बसायला हवा. आवाज वाढला की बटण कमी करायचं, कमी झाला की वाढवायचं. चुकलं तर आवाज फाटतो, नाहीतर मागे खरखर येते. मग त्या माझ्याकडे वळल्या. याला बटण धरून बसावं लागत नाही, त्या म्हणाल्या. ढोल धडाडला तरी फाटणार नाही आणि फुंकर मारली तरी सुटणार नाही. कमीजास्त काय ते नंतर करता येतं.

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे शिवणीत जादा कापडाची माया सोडतात तसं. पुढे अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं."

"अगदी तसंच, काका."

माझी निवड झाली ती तेव्हा. एवढ्या आपुलकीने मला आजवर कुणी हातात धरलं नव्हतं.

ताईंनी सेल कसे घालायचे ते दाखवलं, हेडफोन दिले, वाजत असताना कानाला लावून ऐकत राहा म्हणून बजावलं. शेवटी म्हणाल्या, उघड्यावर वारा लागतो, त्यासाठी एक केसाळ टोपी मिळते, ती घातली की वारा आत शिरत नाही. पण टोप्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात येतील. मास्तर म्हणाले, "टोपीचं काय घेऊन बसलात ताई, मी शिंपी ना?" आणि गळ्यातला टेप काढून त्यांनी तिथेच माझं माप घेतलं. छाती, उंची, खांदा. ताईंना हसू आवरेना. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि कापड कसलं घ्यायचं ते सांगायचं राहून गेलं.

घरी नेल्यावर मास्तरांनी आधी शिवणयंत्राचा आवाज घेतला. मग बायकोचा. तिने हेडफोन लावले आणि म्हणाली, अगोबाई, मी एवढी भांडखोर बोलते? मास्तर म्हणाले, मशीन चांगलं आहे, खोटं बोलत नाही. त्या दिवशी दोघं बराच वेळ हसत होती.

माझा कोट रविवारी सकाळी तयार झाला. वारा अडवायचं काम तर मास्तर जन्मभर करत आले होते. बाहेरून जाड लोकर, आतून सॅटिनचं अस्तर, मध्ये ताठ राहावं म्हणून कॅनव्हास. डोक्यापर्यंत बंद गळा. काजं हाताने केलेली, त्यांत इवलीशी काळी बटणं. टाके इतके बारीक की दिसत नव्हते. एखाद्या नवजात पोराला घालावा तसा त्यांनी मला तो कोट घातला, बटणं लावली आणि लांब धरून बघितलं. मला गुदमरल्यासारखं झालं. पण मला तोंड असून बोलता येत नाही.

बागेत चौथऱ्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. वारा होता. मास्तर पहिल्या रांगेत बसले, मला समोरच्या कठड्यावर ठेवलं, बटणांच्या फटीतून लाल दिवा लागलेला पाहिला. हेडफोन कानाला लावले आणि लगेच काढले. दादा वाजवायला उभा राहिला होता, आणि त्याला मशीनमधून ऐकायचं मास्तरांच्या जिवावर आलं.

दादाने एक संथ चाल वाजवली. बाकी बँड मागे हटून हलकेच साथ देत होता. मधेच त्याचा श्वास संपला. सूर तुटणार असं वाटलं, तोच त्याने तो असा अलगद खाली ठेवला की जणू चालीतच तिथे थांबायचं होतं. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे सगळं मला कळत होतं, पण लोकरीतून, कॅनव्हासमधून, अस्तरातून. भरल्या कपाटात कोंडलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू यावं तसं. वारा मात्र एक कणही आत आला नाही. मास्तरांचं काम चोख होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन दादाकडे गेले. दादा खिडकीशी पलंगावर टेकून बसला होता, नाकाला नळी. कालच्या कार्यक्रमाने त्याला पुरता झोपवला होता. मास्तरांनी हेडफोन त्याच्या कानांवर बसवले आणि बाजूला उभे राहिले, नव्या कपड्यातल्या गिऱ्हाइकाकडे आरशाशेजारून बघावं तसे.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. डोळे मिटलेलेच होते. मग हेडफोन काढले.

"मशीन चांगलं आहे ना?" त्याने विचारलं.

"एकदम चांगलं. दुकानातलं सगळं बघून घेतलं."

"जागाही चांगली होती," दादा म्हणाला. "लोक शांत होते." थोडा दम घेतला. "मग राहिलो मीच."

मास्तरांनी घाईने हेडफोन स्वतः लावले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो मला विसरता येत नाही.

ते तडक ताईंकडे आले. मशीन बिघडलंय म्हणाले. ताईंनी थोडं ऐकलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी कोटातच होतो. त्यांनी बटणं सोडली, कोट हातात घेतला, चिमटीत धरून त्याची जाडी पाहिली. तो स्वतःच्या तोंडावर दाबून धरला आणि आतून विचारलं, "ऐकू येतंय का, मास्तर?"

मास्तर स्टुलावर बसले.

ताईंनी कॉम्प्युटरवर खूप खटपट केली. वरचे सूर उचलायला गेलं की नुसती खरखर वर यायची. जे माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं ते कुठून येणार? चूक माझी, सांगायला हवं होतं, असं त्या परत परत म्हणत होत्या. मास्तर म्हणाले, "कोट मी शिवला, ताई." आणि उठले.

दादाला त्यांनी सगळं सांगितलं. कोट दाखवला. अस्तर दाखवलं. दादा ऐकून हसायला लागला, हसता हसता खोकला आला. त्याला वाटलं, धाकटा समजूत काढतोय.

"लहानपणी काच मी फोडायचो आणि मार तू खायचास. अजून खोड गेली नाही तुझी."

"दादा, शपथ घेऊन सांगतो."

"असू दे रे. वाजवलं तेवढं वाजवलं."

मास्तर हट्टाला पेटले. म्हणाले, आत्ता वाजव, दोन ओळी वाजव, बिनकोटाचं घेतो, मग कळेल तुला. दादाची बायको, मास्तरांची वहिनी, दारात आली आणि नको म्हणाली. पण दादानेच पेटी मागितली. मला उशीवर ठेवलं. लाल दिवा लागला.

दादाने क्लॅरिनेट ओठांना लावलं. फुंकलं. सूर नाही आला. नुसती हवा आली, नळीतून जाते तशी. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. मग त्याने फुंकणं सोडलं, पण बोटं थांबली नाहीत. तीच संथ चाल बोटं वाजवत राहिली. चाव्या उघडत होत्या, मिटत होत्या. टिक, टिक, टिक-टिक, टिक. जिथे त्या दिवशी सूर खाली ठेवला होता, तिथे बोटंही थांबली आणि पुढे निघाली.

ते सगळं माझ्यात स्वच्छ उतरलं. चावीच्या खालची गादी टेकते तो मऊ आवाजसुद्धा.

मास्तरांनी ऐकवलं. दादाने ऐकलं आणि मान हलवली. "हे हुबेहूब आलंय," तो म्हणाला. "म्हणजे मशीन खरंच चांगलं आहे."

मास्तरांच्या लक्षात आलं की आता तर सगळ्याच वाटा बंद झाल्या; मशीन चांगलं ठरलं म्हणजे दोष दादाच्या वाजवण्याचाच. ते काही बोलणार, तर दादाने आपली बोटं समोर धरली, उलटसुलट करून पाहिली. "बोटं तरी बरी होती म्हणायची," तो म्हणाला आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवायला सांगितलं.

पुढे थोड्याच दिवसांत दादा गेला.

तेव्हापासून मी मास्तरांच्या दुकानात खणात असतो, खडूचे तुकडे आणि रिकाम्या बॉबिन यांच्यात. सेल एकदा गळाले, त्याचा हिरवा डाग पोटात राहिलाय. मास्तर नवं काही टिपत नाहीत आणि जुनं पुसत नाहीत. कधी गिऱ्हाईक नसलं की चाव्यांची टिकटिक ऐकतात. बागेतलं मात्र त्यांनी पुन्हा लावलं नाही.

मध्यंतरी वहिनी दुकानात आल्या. हातात दादाचा बँडचा कोट. बँडमध्ये नवा क्लॅरिनेटवाला घेतला होता, तो अंगाने बारीक, त्याच्या मापाचा करायला बँडवाल्यांनी सांगितलं होतं. मास्तरांनी कोट घेतला, माप लिहून घेतलं. वहिनी जायला निघाल्या आणि थांबल्या.

"भावजी, ते बागेतलं आहे का हो अजून? मला कधी ऐकवलंच नाहीत."

मास्तर म्हणाले, ते बिघडलंय वहिनी, नका ऐकू. वहिनी स्टुलावर बसल्याच. शेवटी मास्तरांनी मला खणातून काढलं.

वहिनींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल होत गेला. संपल्यावर त्या म्हणाल्या, "बिघडलंय कुठं? असंच तर ऐकू यायचं मला."

मास्तरांना कळेना.

"ते दार लावून वाजवायचे ना रोज. मी इकडे चुलीपाशी. दारातून असंच यायचं, घोंगडी पांघरल्यासारखं. सगळा जन्म हेच ऐकत काम केलं. हात कधी थकले नाहीत माझे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "फार गोड वाजवायचे."

"दादाला म्हणालात कधी हे?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. "दार लावलेलं असायचं," त्या म्हणाल्या. "आणि उघडलं की जेवायची घाई."

त्या गेल्या. मास्तरांनी मला खणात ठेवलं.

तर बाबांनो, तुमच्या घरात कोणी गात असेल, वाजवत असेल, तर मला विकत आणायच्या आधी त्याच्या खोलीचं दार उघडा आणि काय वाटतं ते बोला. तो ओशाळेल, तुम्हीही ओशाळाल, तरी बोला. मला आणलंत तर येईन, सांगाल ते ठेवून घेईन. पण ज्याला ऐकायचं होतं तो गेल्यावर मी कितीही स्वच्छ वाजलो तरी काय उपयोग?

बाहेर मास्तरांनी दादाचा कोट टेबलावर पसरलाय. बाहीची शिवण उसवतायत. प्रत्येक टाका तुटल्याचा आवाज मला इथे खणात ऐकू येतोय, आणि माझा दिवा विझलेला आहे.