टाकीत नणंद

"माझ्या आईला वहीत लिहिलंत?" बायकोने थर्मासचं झाकण आपटलं. "आणि तेही सव्वीस वर्षं?"

चवमास्तरांनी वही मिटली. संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात ते रोज टाकीटाकीतला घोट चाखत आणि वहीत शेरा लिहीत. साल जास्त दाबली गेली की रस आधी गोड लागतो, गिळल्यावर कडू. त्या चवीला त्यांनी ऐन उमेदीत 'सासू' असं नाव ठेवलं होतं. अख्खा कारखाना ते वापरायचा, घरी तेवढं कळलं नव्हतं.

कळलं ते सर्दीमुळे. सर्दी गेली ती मास्तरांची चव घेऊनच गेली. मीठ की साखर, काही कळेना. पेन्शनला चार वर्षं होती आणि नोकरी सगळी जिभेवर. घाबरून ते दुपारी जेवायला येताना थर्मासातून नमुने आणू लागले. बायको चाखायची, ते लिहायचे.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण सासू म्हणणार नाही. नणंद लिहा."

"माझी बहीण कडू आहे?"

"आधी गोड, मग कडू. तुम्हीच सांगितलंत ना?"

वहीत नणंद आली. कारखान्यात दोघातिघांनी हळूच विचारलं, "सासूबाई गेल्या का हो?" बायकोची जीभ तिखट आहे हे मास्तरांना लग्नापासून ठाऊक होतं. ती इतकी अचूक असेल असं वाटलं नव्हतं.

तीन आठवडे निभावलं. मग एक मोठे खरेदीदार आले आणि सात नंबरची टाकी त्यांच्यासमोर चाखायची ठरली. मास्तरांनी सकाळीच नमुना घरी पोचवला. बायकोने डबा द्यायच्या निमित्ताने यायचं आणि सहज बोलल्यासारखा निकाल सांगायचा, असा बेत होता.

मास्तरांनी घोट घेतला, डोळे मिटून घोळवला. नुसतं पाणी. इतक्यात बायको धापा टाकत दारात आली.

"अहो, तुमची बहीण आलीय!"

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "कडू आहे. ही टाकी देता येणार नाही."

कारखान्याच्या साहेबांचा चेहरा उतरला. खरेदीदारांनी स्वतः घोट घेतला, मग आणखी एक. "कुठे कडू? छान तर आहे."

"अहो, खरीच आलीय," बायको कुजबुजली. "बॅग घेऊन. राहायला!"

"मास्तर, काय प्रकार आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"सर्दी झालीय हो त्यांना आज," बायको घाईघाईने म्हणाली.

"आज नाही, साहेब." आता थांबलो तर पुन्हा बोलणं जमणार नाही हे मास्तरांना कळत होतं. "तीन आठवडे झाले. माझी जीभ गेली. वहीतले शेरे हिचे आहेत."

साहेबांनी वही चाळली. तीन आठवड्यांत एकही तक्रार नव्हती. खरेदीदारांनी आठ नंबरच्या टाकीतला ग्लासभर रस मास्तरांच्या बायकोपुढे सरकवला. तिने एक घोट घेतला.

"नणंद."

खरेदीदारांनी चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

आता चाखायच्या खोलीत ती बसते. मास्तर फाटकापाशी संत्री उतरवून घेतात, नासकी वेगळी काढतात आणि दुपारी तिचा डबा आणतात. परवा एका ट्रकवाल्याने संत्रं सोलून त्यांच्या हातावर दोन फोडी ठेवल्या.

"कसं आहे, मास्तर?"

मास्तरांनी एक तोंडात टाकली आणि सवयीने डोळे मिटले. बराच वेळ चघळली.

"थांब," ते म्हणाले, "आत विचारून येतो." आणि दुसरी फोड जपून डब्याच्या झाकणावर ठेवून ते आत गेले.